दहा राग आणि एक ठेका : एका ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण

रागसंगीत यंत्रवत् वाद्यावर कितपत उतरते, हा प्रश्न हार्मोनियमच्या निमित्ताने महाराष्ट्रात पुष्कळ चर्चिला गेला आहे. त्या वाद्यावर प्रमुख आक्षेप दोन होते. त्याचे स्वर कायमचे बांधलेले असल्यामुळे रागागणिक बदलणाऱ्या श्रुती त्यातून निघत नाहीत, हा पहिला. आणि दोन स्वरांना जोडणारी मींड त्यावर संभवत नाही, हा दुसरा. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली या वाद्यास बंदी केली. तथापि गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी वाद्याची मर्यादा ओळखून तिच्या आतच आपली वादनशैली घडविली. चरणजित सिंग यांच्या ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या १९८२ सालच्या ध्वनिमुद्रिकेने तोच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात पुन्हा उपस्थित केला.

चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातील वादक होते. चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी यापूर्वीही केल्या होत्या. त्या काळी चित्रपटांत डिस्कोची लाट होती. तोच ठेका घ्यावा, मात्र त्यावर चित्रपटगीत न वाजविता राग वाजवावा आणि तबला अजिबात वगळावा, अशी त्यांची कल्पना होती. साधने तीन, आणि तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीची : रागाची सुरावट वाजविण्यासाठी ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, ठेक्यासाठी टीआर-८०८ हे तालयंत्र आणि खर्जातील स्वरपंक्तीसाठी टीबी-३०३. यांपैकी शेवटची दोन यंत्रे एकमेकांस जोडून एकाच लयीत चालविता येतात. त्यामुळे एकट्या वादकास न थकणारी, न चुकणारी, परंतु त्याचे काहीही न ऐकणारी साथ लाभली. ग्रामोफोन कंपनीने ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तिचा खप अल्प झाला आणि ती विस्मृतीत गेली.

२०१० साली हॉलंडमधील एका संग्राहकाने तिचे पुनःप्रकाशन केल्यावर ती जगभर गाजली. शिकागोच्या फ्यूचर या वाद्यवृंदाच्या १९८७ मधील ‘ॲसिड ट्रॅक्स’पासून ज्या ‘ॲसिड हाउस’ नामक नृत्यसंगीताची परंपरा सांगितली जाते, तिचा उगम मुंबईत पाच वर्षे आधीच झाला, असे प्रतिपादन होऊ लागले. हे प्रतिपादन सुखद असले तरी विवेचक नाही. शिकागोच्या वादकांनी टीबी-३०३ वर एकच लहान स्वरसमूह घोळवीत ठेवला आणि यंत्राच्या खुंट्या फिरवून त्याचा केवळ नादगुण पालटला. ऐकण्याचा विषय तेथे नाद हा आहे. चरणजित सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकेत तोच नाद रागाच्या स्वरांचा सेवक आहे. साधनाच्या साम्यावरून हेतूचे साम्य सिद्ध होत नाही. शिवाय, अग्रक्रमाचा मान देऊन टाकला की राग कितपत साधला हे विचारण्याची गरजच उरत नाही. आणि ध्वनिमुद्रिकेचे शीर्षक तर रागाचेच नाव घेते.

स्वरांच्या दृष्टीने पाहता हार्मोनियमवरील दुसरा आक्षेप येथे बराचसा गळून पडतो. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे; सिंथेसायझरवरही ती आहे. पहिला आक्षेप मात्र कायम राहतो. ज्या रागांची ओळख स्वरांच्या निवडीतच पुष्कळशी सामावलेली आहे, ते येथे तग धरतात : ललितातील लागोपाठचे दोन मध्यम, मालकंसातील पंचम-ऋषभांचा अभाव किंवा कलावतीची पंचस्वरी चौकट पट्टीवरही लपत नाही. याउलट, भूपाळी आणि देशकार यांचे स्वर तेच असतात. त्यांना वेगळे करतो तो न्यास आणि स्वरांचे अल्पत्व-बहुत्व. अखंड धावणाऱ्या स्वरपंक्तीत न्यासास जागा थोडी, म्हणून भूपाळीचे स्वर ऐकू आले तरी भूपाळीचा ठाव पुरता लागत नाही. तोडीच्या अतिकोमल गांधाराबद्दल तर यंत्रास अबोलच राहावे लागते.

याहून गंभीर प्रश्न लयीचा आहे. टीबी-३०३ चा एक आकृतिबंध सोळा घरांचा असतो आणि त्रितालाच्या मात्राही सोळाच. परंतु हे साम्य वरवरचे आहे. त्रितालाच्या नवव्या मात्रेवर खाली आहे, आणि खालीमुळेच समेची ओढ निर्माण होते. डिस्कोचा ठेका चारही मात्रांवर सारखाच आघात करतो. त्यात खाली नाही, म्हणून खऱ्या अर्थाने समही नाही. विलंबितातून द्रुताकडे होणारी बढतही अशक्य होते. प्रातःकाळची तोडी, सायंकाळचा यमन आणि मध्यरात्रीचा मालकंस यांना सारखीच चाल मिळते. तंबोऱ्याचा स्थिर षड्ज मागे सरून त्याच्या जागी चालती स्वरपंक्ती येते. भूमी स्वतःच हलू लागते. हा बदल हार्मोनियमने कधीच केला नव्हता.

तेव्हा रागविस्तार या अर्थाने ही ध्वनिमुद्रिका अपुरी आहे, असा निर्णय द्यावा लागतो. परंतु तिचे मोल या अपुरेपणातही आहे. तबला, तंबोरा, आलाप आणि समय इतके सारे काढून घेतल्यावर रागाचे काय उरते, याची दहा वेळा केलेली ही प्रामाणिक परीक्षा आहे. आणि काही रागांत थोडेफार उरते, काहींत फारच थोडे, असे तिचे उत्तर येते. रागलक्षणांपैकी कोणती मूळची आणि कोणती सहचारी, हा भातखंडे यांच्यानंतरच्या अभ्यासकांपुढील प्रश्न तिने नकळत प्रयोगाने हाताळला. चरणजित सिंग २०१५ साली मुंबईत निवर्तले. त्यांना लाभलेली कीर्ती पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या इतिहासातील आहे. रागसंगीताच्या अभ्यासात या ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते भूपाळीपासून सुरू करणे उपयुक्त ठरेल.