‘साइ टोक’ : संज्ञा आणि नीती

जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालेतील जेडाय योद्ध्यांच्या प्रकाशखड्गविद्येला पूरक साहित्याने एक परिभाषा जोडून दिली आहे. चित्रपटांत पात्रांच्या मुखी ती येत नाही. तीत वादग्रस्त ठरलेली संज्ञा ‘साइ टोक’ ही होय. प्रतिपक्ष्याचे शरीर मध्यावर छेदून त्याचे दोन भाग करणे, हा तिचा अर्थ. जेडाय पंथाला हा प्रहार अप्रशस्त वाटतो. कारण संहारप्रिय सिथ पंथाच्या वृत्तीशी त्याचे नाते आहे.

संज्ञांची घडण मात्र निराळेच सांगते. ‘चो माइ’ म्हणजे शस्त्रधारी पंजा तोडणे, ‘चो सुन’ म्हणजे शस्त्रधारी भुजा तोडणे, ‘चो मोक’ म्हणजे एखादा अवयव तोडणे. ‘साइ चा’ हा शिरच्छेद. पूर्वपद छेदाचा प्रकार व उत्तरपद छेदाचे स्थान दर्शविते, असे दिसते. म्हणजे ‘साइ टोक’ हे, निरुपायाने का होईना, पंथाने स्वीकारलेल्या शिरच्छेदाचे सख्खे भावंड ठरते. भाषेने जो भेद केला नाही, तो नीतीने वरून लादला आहे. किंबहुना येथील आक्षेप कृत्याच्या क्रौर्यावर नसून त्याच्या कुळावर आहे.

या नीतीची कसोटी चित्रपटांतच लागते. १९९९ च्या चित्रपटात गुरूच्या वधानंतर ओबी-वान याच प्रहाराने डार्थ मॉलला छेदतो. त्याबद्दल त्याला दोष लागत नाही, उलट योद्ध्याचे पद मिळते. प्रहार प्राणघातक, ही व्याख्याही टिकत नाही. २०१२ मध्ये ‘द क्लोन वॉर्स’ या मालिकेत मॉल जिवंत परततो. याउलट २००५ च्या चित्रपटात तोच ओबी-वान अनाकिनचे दोन्ही पाय व डावा हात तोडून त्याला ज्वालांच्या स्वाधीन करतो. क्रौर्याच्या मापाने हे कृत्य अधिक भीषण. तथापि ते ‘साइ टोक’ या निषिद्ध नावात बसत नाही.

प्रकाशखड्गाची जखम बहुधा तत्क्षणी भाजून बंद होते, म्हणून रक्त दिसत नाही. परकी संज्ञा वेदनाही दिसू देत नाही. मराठीतील ‘शिरच्छेद’ हा शब्द आपला अर्थ लपवीत नाही. १९८३ च्या चित्रपटात व्हेडरचा हात तोडल्यावर ल्यूक स्वतःच्या यांत्रिक हाताकडे पाहतो आणि शस्त्र टाकून देतो. परिभाषेला जो नीतिविचार साधला नाही, तो या मूक दृश्याला साधला आहे.