ध्वनिमुद्रिका आणि अवधी : जी. एन. जोशी यांच्या कार्याचा विचार

ध्वनिमुद्रित संगीताच्या समीक्षेत कवी, संगीतकार व गायक यांचा परामर्श घेतला जातो. परंतु कोणी गावे, काय गावे आणि किती वेळ गावे हे ठरविणाऱ्या नियोजकाकडे सहसा दुर्लक्ष होते. जी. एन. जोशी (१९०९–१९९४) यांच्या कार्याकडे पाहता हे दुर्लक्ष समर्थनीय वाटत नाही. १९३८ मध्ये ते हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीच्या सेवेत आले, तत्पूर्वीच ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेच्या गायनाने भावगीतगायक म्हणून त्यांचे नाव झाले होते. पुढे भावगीत, ठुमरी, ख्याल आणि वाद्यसंगीत या भिन्न प्रकारांच्या मुद्रणाशी ते निगडित राहिले. या विविधतेत काही सूत्र आहे काय, हा येथील प्रश्न होय.

ते सूत्र अवधीच्या जाणिवेत सापडते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. मैफलीच्या गवयाला ही मर्यादा म्हणजे विस्ताराचा संकोच; भावगीताला मात्र ती बहुतांशी स्वभावतःच मानवणारी. थोडक्या कडव्यांत एक भाव पूर्ण करावयाचा आणि शब्द सुबोध ठेवावयाचा, ही शिस्त जोशी यांनी प्रथम गायक म्हणून आत्मसात केली होती. नियोजक म्हणून त्यांनी तीच इतर प्रकारांस लावली, असे म्हणता येईल.

याचा पडताळा १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या मुद्रिकेत मिळतो. एव्हाना दीर्घ मुद्रिकेमुळे एका बाजूवर वीस मिनिटांचा अवकाश उपलब्ध झाला होता. एकच राग सलग वाजविणे सहज शक्य होते. तथापि येथे शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी व ब्रिजभूषण काबरा यांची गिटार काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस प्रहरांनुसार उभा करतात. अहीर भैरव-नट भैरवापासून पिलू, भूप, देस यांमधून पहाडीपर्यंत जाणारी ही रचना शब्दहीन असली, तरी तिची बांधणी कडव्यांची आहे. वेळ मिळाला तरी शिस्त सुटली नाही.

परंतु या शिस्तीची सीमाही ध्यानी घ्यावयास हवी. वैतरणेच्या मुखाजवळील दातिवरे ज्या किनाऱ्यावर वसले आहे, त्या उत्तर कोकणात लग्नविधीबरोबर गायिले जाणारे धवले विधी संपेपर्यंत चालतात. त्यांचा अवधी घड्याळ ठरवीत नाही. तबकडीवर त्यांचा अंश येऊ शकेल, पण विधीपासून तुटताच त्यांतील पुनरुक्ती निरर्थक भासेल. जे कडव्यांत मावते तेच सुश्राव्य, असा संस्कार ध्वनिमुद्रिकेने श्रोत्यांवर केला. त्याचे श्रेय आणि दायित्व दोन्ही जोशी यांच्यासारख्या नियोजकांकडे जाते.

आपल्या आत्मपर ग्रंथास त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ असे नाव दिले. त्यातील विनय उघड आहे. परंतु प्रवाहाला आकार तीरच देतो, हा अर्थही अभ्यासकाने सोडू नये.