डेम्लो संख्या आणि शालेय गणितातील जिज्ञासा

बालकांच्या मनात गणिताविषयी गोडी उत्पन्न करावयाची तर संख्यांचे चमत्कार त्यांच्यापुढे मांडावेत, असा समज शिक्षकवर्गात दृढ आहे. या समजास बहुधा दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या संख्यांचा आधार दिला जातो. तो कितपत यथार्थ आहे, हे तपासून पाहावयास हवे. कारण कापरेकरांनी जे केले आणि त्यांच्या नावावर वर्गात जे दाखविले जाते, त्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. (डहाणू त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे.) माध्यमिक शिक्षण ठाण्यास, पुढील शिक्षण पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात, आणि नंतर १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळाली येथे शाळामास्तरकी, असा त्यांचा जीवनक्रम. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता आणि आकडेमोडीची आवड मुलाकडे त्या वाटेने आली. अनेक विद्वानांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांची दखल घेतली, तेव्हा कोठे त्यांचे नाव जगभर झाले.

‘डेम्लो’ हे नाव डोंबिवलीचे आहे. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील या स्थानकावर कापरेकरांना त्या संख्यांची कल्पना सुचली. १, ११, १११ यांचे वर्ग अनुक्रमे १, १२१, १२३२१ येतात. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ होतो. ज्या स्थानकावरून रोज शाळेस जावे, त्याचे नाव गणितात गेले आहे, हे कळल्याने डोंबिवलीच्या मुलास आनंद होईल यात शंका नाही. परंतु वर्गातील प्रात्यक्षिक बहुधा येथेच संपते. फळ्यावर मनोरा उभा राहतो, मुले टाळ्या वाजवितात आणि धडा पुन्हा पूर्ववत चालू होतो. अशा वेळी मुलाच्या वाट्यास प्रेक्षकाची भूमिका येते. टाळीने उत्पन्न झालेली आवड पुढच्या त्रैराशिकापर्यंतही टिकत नाही.

वस्तुतः खरे गणित दहाव्या पायरीवर सुरू होते. दहा वेळा १ लिहून वर्ग केला असता १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या मिळते. मनोरा ढासळला, ८ नाहीसा झाला. का? गुणाकार मांडून पाहिला की एकांच्या दहा ओळी एकेक घर सरकून बसतात आणि रकान्यांच्या बेरजा १ पासून १० पर्यंत चढून पुन्हा १ पर्यंत उतरतात. मधल्या रकान्यात १० आले, हातचा निघाला. त्याने शेजारच्या ९ चे १० केले, पुन्हा हातचा. तो ८ मध्ये मिळून ९ झाला आणि तेथे थांबला. अंकांची बेरीज घेतली तर ही गोष्ट अधिकच उघड होते. १२३२१ मधील अंकांची बेरीज ९, म्हणजे मांडणीतील एकंदर एकांइतकीच. दहाच्या वेळी ती १०० यावयास हवी, पण ८२ येते. प्रत्येक हातच्यात दहा जाऊन एक मिळतो, म्हणजे नऊ हरवतात. हातचे दोन, म्हणून अठरा हरवले. हातचा म्हणजे काय, हे पाठांतराने न उमगलेल्या मुलास येथे ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

६१७४ या संख्येचीही हीच गत आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत जावे. अधिकात अधिक सात वेळा केल्यावर ६१७४ येते. हे सांगून शिक्षक थांबतो. दोन अंकी संख्यांचे काय, असा प्रश्न मुलाने करावा, यासाठी त्यास उसंत दिली जात नाही. तेथे स्थिर संख्या मुळीच सापडत नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते. तिसरीच्या मुलास येणाऱ्या वजाबाकीने हे शोधता येते.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने बालकाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे शालेय गणिताचे मुख्य उद्दिष्ट मानले. त्याचा अर्थ मनोरंजनाची भर घालणे असा लावला जातो, ही खेदाची गोष्ट होय. मोठे वर्ग, आखीव तासिका आणि परीक्षेचा धाक यांपुढे शिक्षकाची अडचण खरी आहे, हे अमान्य करण्याचे कारण नाही. मात्र येथे अधिक वेळ लागत नाही; उत्तर आधी न सांगण्याचा संयम लागतो, आणि तो चमत्कार दाखविण्याहून कठीण आहे. मुलाने चुकीचा तर्क केला तर तो फळ्यावर राहू द्यावा लागतो, तो पुसण्याचे काम पुढच्या उदाहरणावर सोपवावे लागते. अकरा वेळा १ लिहून वर्ग केला तर अंकांची बेरीज १२१ वरून किती खाली येईल, असे विचारल्यावर दोन हातच्यांचा अनुभव घेतलेली मुले बहुधा पुन्हा अठराच सांगतील. गुणाकार मांडल्यावर बेरीज ८५ भरते आणि हातचे चार निघतात.