गाण्याचा जमाखर्च कोण लिहिणार?

यंदाच्या दिवाळी अंकांतले संगीतावरचे लेख इथे रायपूरच्या समता कॉलनीत बसून ओळीनं वाचून काढले, आणि संताप आला. बुवांचा साधेपणा, पहाटेचा रियाज, गुरूच्या घरी भरलेलं पाणी, शेवटी डोळे ओलावणारी भैरवी. चरित्रं म्हणावीत तर बहुतेक गौरवग्रंथच. रागांची ओळख करून देणारी सदरं शाळकरी. या सगळ्या लिखाणात पैसा नाही, सरकार नाही. गाणारे जणू हवेवर जगतात.

मराठीत हे असं नव्हतं. वामनराव देशपांडे पेशानं चार्टर्ड अकाउंटंट. ‘घरंदाज गायकी’ (१९६१) वाचताना तो पेशा जाणवत राहतो. एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय, आणि कोणतं घराणं कुठे झुकतं याचा चोख ताळा. किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, जयपूर मधोमध. हा ताळा न पटणारे पुष्कळ आहेत, पण निदान वाद घालता येतो; आठवणींशी वाद कसा घालणार? ‘एकलव्य’ या नावानं लिहिणारे केशवराव भोळे गायकाचं वलय बाजूला सारून त्याचं गाणं तपासत. आणि गोविंदराव टेंबे! पेटीवर बोटं, चाली डोक्यात आणि नाटक कंपनीचा संसार गळ्यात. कंपनी चालवलेल्या माणसाला तान आणि तिकीटविक्री वेगळी काढताच येत नाही. त्यांच्या लेखनाला वजन आलं ते तिथून.

पुढे हा धागा आपण सोडून दिला. ८ जुलै १९२१ चा संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग घ्या. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर आले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. राजकारण, पैसा आणि गाणं एका रात्रीत एकवटलं. शंभर वर्षं होऊन गेली, तरी आपली चर्चा एकच: सरस कोण गायलं?

रायपूरकरानं तर पैशाचा आणि सत्तेचा हा प्रश्न टाळूच नये. इथल्या, छत्तीसगडमधल्या रायगडचे राजे चक्रधरसिंह १९४७ मध्ये गेले, पुढच्याच वर्षी संस्थान विलीन झालं. कथकाला पोसणारा दरबार संपला. खैरागडच्या राजघराण्यानं १९५६ मध्ये आपला राजवाडा संगीत विद्यापीठाला दिला. तिथे कुलगुरू म्हणून श्रीकृष्ण रातंजनकर आले. त्याआधी याच रातंजनकरांनी आकाशवाणीच्या कलावंतांच्या चाचण्या घेतल्या होत्या आणि नामवंतांचा रोष ओढवून घेतला होता. आकाशवाणी ज्या खात्याकडे होती त्याचे मंत्री होते पुण्याचे बाळकृष्ण केसकर, ज्यांनी रेडिओवरून सिनेमाची गाणी हटवली आणि श्रोत्यांना रेडिओ सिलोनकडे ढकललं. कोणी गायचं, किती मानधनावर, किती वेळ, हे दिल्लीत ठरू लागलं. पेटीला तर आकाशवाणीनं १९४० पासून तीस वर्षं दार बंद ठेवलं. आपल्या संगीतलेखनात हा सारा काळ ‘राजाश्रय जाऊन लोकाश्रय आला’ एवढ्या एका वाक्यात उरकतात. ते वाक्य खोटं आहे. राजाच्या जागी आधी खातं बसलं, मग प्रायोजक.

आज काय चाललंय ते बघा. इथल्याच एका बैठकीला गायक विमानानं आले, तबलजी नागपूरहून स्लीपरनं. कार्यक्रम संपल्यावर आयोजकानं जिन्यात दोन पाकिटं दिली, एक जाड, एक पातळ. तबलजीनं न उघडताच खिशात टाकलं. मोजणं असभ्य मानलं जातं. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांतात ‘समर्पक साथ’ हे दोन शब्द.

म्हणूनच मला हे लेखन नुसतं कंटाळवाणं वाटत नाही, अन्यायाला हातभार लावणारं वाटतं. साधनेचे गोडवे गाऊन आपण मानधनाचा प्रश्नच उच्चारू देत नाही. खाणी आणि कारखाने ज्या महोत्सवांचे मांडव घालतात, तिथे कोणाला बोलावतात, कोणाला कधीच नाही, हे समीक्षकानं विचारायचं नाही तर कोणी? त्यानं विचारायला हवं की विलंबित ख्याल वीस मिनिटांत का आटोपला: गायकाला तसं सुचलं म्हणून, की पुढे प्रायोजकाचा सत्कार होता म्हणून? हा प्रश्न संगीतबाह्य आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, त्या ख्यालाची उरलेली बढत गेली कुठे.