मालवाहतुकीतील सहकार्य आणि कंटेनरची मालकी : एक चिकित्सा

१९८९ मध्ये अमेरिकेतील जे. बी. हंट ही ट्रक कंपनी व सान्ता फे रेल्वे यांच्यात करार झाला. प्रथम ट्रेलर व पुढे कंपनीच्या मालकीचे कंटेनर रेल्वेने जाऊ लागले. चाके मागे राहत असल्याने कंटेनर एकावर एक रचता येतात. इंधनाचीही बचत होते. मात्र या व्यवस्थेस केवळ ‘सहकार्य’ म्हणणे अपुरे ठरते. कंटेनर व ग्राहक दोन्ही ट्रक कंपनीकडे राहतात. रेल्वे फक्त वहनक्षमता विकते. भारतात कोकण रेल्वेच्या १९९९ पासूनच्या रो-रो सेवेत तर संपूर्ण ट्रकच वाघिणीवर चढतो. त्यामुळे चाकांचा व इंजिनाचा अनुत्पादक भारही रेल्वेच वाहते. म्हणून रस्त्यावरील ट्रक किती घटले, एवढ्यावरच अशा योजनांचे मूल्यमापन न करता ग्राहक कोणाच्या हाती राहिला, हेही तपासणे आवश्यक ठरते.