भुताची बाजू

लोककथेतील भूत बहुधा हुसकून लावण्यापुरतेच असते. राजस्थानी कथाकार विजयदान देथा (१९२६-२०१३) यांनी 'दुविधा' या कथेत मात्र त्याचे मन उलगडून दाखविले आहे. लग्न होताच नवरा पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. वधूवर भाळलेले भूत त्याचे रूप घेऊन घरात शिरते. परंतु तिच्यापुढे ते सत्य सांगते व निर्णय तिच्यावर सोपविते. सासऱ्याला रोज मोहरा मिळतात. तो शंका घेत नाही.

भुताची बाजू मांडताना देथा पापाचे समर्थन करतात काय? मला तसे वाटत नाही. उसन्या चेहऱ्याचे सुख अखेर टिकत नाही. मेंढपाळ भुताला पखालीत कोंडतो. मणी कौल यांच्या चित्रपटात (१९७३) हा शेवट कायम आहे. अमोल पालेकरांच्या 'पहेली'त (२००५) मात्र भूत पतीच्या देहात शिरून जिंकते. हा शेवट गोड खरा, पण त्याने कथेची धार बोथट होते.

त्या घरात वधूची इच्छा विचारणारे एकटे भूतच होते, हे कथेचे खरे दुखणे. वेदीपुढे वधूची संमती घेणारे आपण, घरी परतल्यावर ती पुन्हा कधी विचारतो काय?