भूकंपाची जात आणि आपली समीक्षा

बी.ए.च्या वर्गाला मी 'बनगरवाडी' शिकवतो. शेवटी पाऊस दडी मारतो, मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडून जातात. वर्ग गलबलतो, मीही. प्रस्थापित समीक्षा अशा ठिकाणी 'नियती', 'निसर्गाचे रौद्र रूप' असे शब्द वापरून मोकळी होते. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती. तिला नियती भेटली नाही. मुकादम भेटला, हजेरीपट भेटला, सुकडी भेटली. पाऊस कोणाच्याच रानात पडला नव्हता, पण बळदात जोंधळा कोणाच्या होता हे तिला पक्के ठाऊक होते.

अण्णाभाऊ साठे यांनी 'फकिरा'त (१९५९) याच प्रश्नाला हात घातला. आपली माणसे उपाशी मरू लागतात तेव्हा फकिरा आभाळाकडे पाहत बसत नाही. धान्य कुठे साठले आहे ते हेरतो, लुटतो आणि वाटतो. भूकबळी धान्य नसल्यामुळेच पडतात असे नाही, ते मिळवण्याचा हक्क हाती नसल्यामुळे पडतात, ही मांडणी अमर्त्य सेन यांनी १९८१ साली ग्रंथरूपाने केली. अण्णाभाऊंच्या नायकाला ती बावीस वर्षे आधी ठाऊक होती. समीक्षकांनी बहुधा त्याचे शौर्य तेवढे पाहिले.

इथेच थांबलो असतो तर आपल्या मेळाव्यात टाळ्या पडल्या असत्या. पण किल्लारी आडवी येते. माझे आजोळ औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यांना मारले घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकडी माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा थर. असे घर बांधायची ऐपत कोणाची? ज्याला दगड परवडला नाही, जो कुडाच्या छपरात निजला होता, तो पुष्कळ ठिकाणी वाचला. आजोळची म्हातारी म्हणायची, "आपलं दळिद्रच आपल्याला आडवं आलं, म्हणून वाचलो." 'संकटात मरतो तो दलितच' हे आपल्या कवितेतले ठरलेले वाक्य इथे टिकत नाही. ते मान्य करायला आपण का कचरतो, हे मला कळत नाही.

कारण खरी गोष्ट पुढेच आहे. ५२ गावे उठवून नव्या जागी वसवली गेली. तिथे घराचे क्षेत्रफळ घरातल्या माणसांवर ठरले नाही, जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि अत्यल्प जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, सात हेक्टरांवर जमीन असणाऱ्यांना ७५०. धरणीने सात-बारा मागितला नव्हता, पुनर्वसनाने मागितला. जे भूकंपात वाचले, ते वाटपात मागच्या रांगेत उभे राहिले. धक्का काही सेकंदांचा होता, हा कागद पिढ्यांचा आहे. आपले लेखन मात्र अजून त्या काही सेकंदांतच घुटमळते.

मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने भूकंपावरची कविता दाखवायला आणली. तो पुनर्वसित गावातला. कवितेत धरणीमाता तीनदा कोपली होती. मी त्याला घराची लांबीरुंदी विचारली. तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, आम्ही सातजण. आजी बाहेर पत्र्याखाली झोपते."

कवितेत आजी नव्हती.